सोइचिरो होंडा : शर्यतीच्या धावपट्टीवर घडलेला मोटार उद्योजक

भारतात होंडा हे नाव घरोघरी पोहोचले ते १९८४ मध्ये स्थापन झालेल्या हीरो होंडा या संयुक्त कंपनीच्या मोटारसायकलींमुळे. कमी पेट्रोलमध्ये लांबचा पल्ला, हीच या नावाची येथील ओळख ठरली. ज्यांचे हे नाव, ते सोइचिरो होंडा मात्र काटकसरीपेक्षा वेगाचे उपासक होते. किफायतशीर वाहने विकून मिळालेला पैसा ते शर्यतीत ओतत आणि शर्यतीत मिळालेले ज्ञान पुन्हा त्याच वाहनांत उतरवत.

१७ नोव्हेंबर १९०६ रोजी जपानमधील शिझुओका प्रांतातील कोम्यो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील गिहेई लोहार होते. पुढे ते सायकलीही दुरुस्त करू लागले. आई मिका विणकाम करीत असे. शाळेत सोइचिरो यांचे मन फारसे रमले नाही. पंधराव्या वर्षी ते टोकियोतील आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या दुकानात उमेदवार म्हणून दाखल झाले. दुकानाचे मालक युझो साकाकिबारा यांनी कर्टिस विमानाचे इंजिन बसवून शर्यतीची मोटार तयार केली होती. १९२४ मध्ये या मोटारीने शर्यत जिंकली, तेव्हा चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून बसलेले सोइचिरो अगदी तरुण होते.

पुढे ते स्वतःही शर्यतीत उतरले. जून १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा धावपट्टीवर त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. ते स्वतः जखमी झाले आणि सोबत बसलेले धाकटे बंधू बेंजिरो यांनाही गंभीर दुखापत झाली. त्यानंतर ते पिस्टन रिंगच्या उत्पादनाकडे वळले. सुरुवातीच्या रिंगा सदोष निघाल्या, तेव्हा धातुशास्त्र शिकण्यासाठी त्यांनी हामामात्सु येथील तंत्रशाळेत प्रवेश घेतला. परीक्षा मात्र दिल्या नाहीत. त्यांना ज्ञान हवे होते, प्रमाणपत्र नव्हे.

१९४५ मध्ये भूकंपाने कारखान्याची हानी झाली आणि युद्ध संपताच त्यांनी तो व्यवसाय टोयोटा समूहाला विकला. १९४६ मध्ये त्यांनी लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनविलेली लहान इंजिने सायकलींना जोडून विकण्यास प्रारंभ केला. सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली व पुढील वर्षी ताकेओ फुजिसावा तिच्यात आले. पैसा आणि विक्री फुजिसावा यांच्याकडे, यंत्रे होंडा यांच्याकडे, अशी वाटणी झाली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

१९५४ मध्ये कंपनी आर्थिक संकटात असताना होंडा यांनी आइल ऑफ मॅन येथील जगप्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत उतरण्याचा संकल्प जाहीर केला. त्याच वर्षी तेथे जाऊन आल्यावर युरोपीय यंत्रे किती पुढे आहेत, हे त्यांना उमगले. प्रत्यक्ष सहभागाला १९५९ साल उजाडले. १९६१ मध्ये मात्र १२५ व २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाने पटकावले.

याच सुमारास जपानच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाने मोटार उत्पादकांचे मोजके गट करून नव्या कंपन्यांना या क्षेत्रात येऊ न देण्याचे धोरण आखले. त्यासाठीचा कायदा संमत होण्यापूर्वीच मोटार बाजारात आणणे होंडा यांना भाग होते. अशा वेळी कोणीही साधी, स्वस्त कुटुंबोपयोगी गाडी निवडली असती. ऑगस्ट १९६३ मध्ये कंपनीचा टी ३६० हा छोटा मालट्रक आला आणि ऑक्टोबरमध्ये एस ५०० ही दोन आसनी स्पोर्ट्स कार. गंमत अशी की, भाजीपाला वाहणाऱ्या त्या ट्रकलाही शर्यतीच्या धर्तीचे, प्रचंड वेगाने फिरणारे इंजिन बसविले होते. एस ५०० चे इंजिन केवळ ५३१ सीसीचे. चार कार्ब्युरेटर आणि मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर ४४ अश्वशक्ती. लाल रंग जपानमध्ये अग्निशामक वाहनांसारख्या वाहनांसाठी राखीव होता. तो स्पोर्ट्स कारला देता यावा, यासाठीही होंडा सरकारशी भांडले. तो कायदा अखेर संमत झालाच नाही.

एस ५०० ची विक्री अल्पच झाली. तरीही १९६४ मध्ये कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली आणि १९६५ मध्ये मेक्सिकोत रिची गिंथर यांनी होंडाला पहिला विजय मिळवून दिला. ताळेबंदापुरते पाहिले तर हा सारा खर्च अनाठायी वाटेल. पण पुढे कंपनीचे अध्यक्ष झालेले तादाशी कुमे व नोबुहिको कावामोतो हे दोघेही शर्यतीच्या इंजिनांवरच तयार झालेले अभियंते होते. अशी माणसे स्वस्त गाडीच्या सुट्या भागांची किंमत कमी करीत बसल्याने घडत नाहीत.

या वेडाला काळी बाजूही होती. इंजिन हवेनेच थंड झाले पाहिजे, हा होंडा यांचा हट्ट होता. जुलै १९६८ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे तशा इंजिनाच्या मोटारीला अपघात होऊन आग लागली आणि चालक जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. कंपनीचे अनुभवी चालक जॉन सर्टीस यांनी ती मोटार चालविण्यास आधीच नकार दिला होता. त्या वर्षाअखेर कंपनी फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. तरुण अभियंत्यांनी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा आग्रह धरला, फुजिसावा यांनी मध्यस्थी केली आणि होंडा यांनी माघार घेतली. त्यातूनच १९७२ मध्ये कमी धूर सोडणारे सीव्हीसीसी इंजिन साकारले. १९७३ मध्ये होंडा व फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. दोघांनीही आपल्या मुलांना कंपनीत येऊ दिले नाही.

१९७० मध्ये एस मालिका थांबली, तेव्हापासून कंपनी स्पोर्ट्स कारकडे वळते, पाठ फिरवते आणि पुन्हा वळते. १९९० मध्ये विक्रीस आलेली ॲल्युमिनियम बांधणीची एनएसएक्स, १९९९ ते २००९ या काळातील एस २०००, २०२२ मध्ये बंद झालेली छोटी एस ६६० ही त्याची उदाहरणे. २०२५ मध्ये प्रिल्युड हे जुने नाव हायब्रिड रूपात परतले, पण ती एस मालिकेची वारस म्हणता येणार नाही. इतर कंपन्यांच्या गाड्यांतही भरवशाचे इंजिन मिळू लागले असताना ही जागा रिकामी ठेवणे होंडा नावाला परवडणारे नाही.

५ ऑगस्ट १९९१ रोजी सोइचिरो होंडा यांचे निधन झाले. त्यानंतरच्या रविवारी हंगेरीतील शर्यत आयर्टन सेना यांनी होंडा इंजिनाच्या मॅक्लारेनमधून, दंडावर काळी फीत बांधून जिंकली. आपल्या अंत्यविधीला गर्दी जमून रस्त्यावर वाहतूक खोळंबू नये, अशी होंडा यांची इच्छा होती. त्यामुळे कंपनीतर्फे मोठी अंत्ययात्रा निघाली नाही.