नाव हॉस्पिटलला, अफू चीनला

जे. जे. ही दोन अक्षरं तुमच्या कानावरून नक्की गेली असतील. कडेगावात एखाद्याचं दुखणं सांगली-मिरजेत आटपेना झालं, की घरचे मुंबईला जे. जे. हॉस्पिटलात न्यायचं म्हणतात. ज्याचा चित्रात हात चांगला, त्याला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्वप्नं पडतात. पण हे जे. जे. म्हणजे नेमके कोण आणि एवढं दान करायला त्यांच्याकडे पैसा आला कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. तुमच्यातले बरेच जण आता पुण्या-मुंबईत ‘टार्गेट’वाली नोकरी धरतील. त्याआधी ही गोष्ट वाचून ठेवा.

जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म १७८३ चा. पारशी कुटुंब, परिस्थिती बेताची, बालपण नवसारीत. सोळाव्या वर्षी डोक्यावरून आई-वडील दोघांचंही छत्र गेलेलं. शिक्षण नावापुरतं. मुंबईत नात्यातले फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला यांचा बाटल्यांचा धंदा होता, तिथे हा पोरगा कामाला लागला. पुढे १८०३ मध्ये फ्रामजींच्याच मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचं लग्न झालं.

तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांचे डोळे चीनकडे लागलेले असत. जमशेटजी १८०७ पर्यंत पाच वेळा चीनला जाऊन आले. १८०५ च्या प्रवासात तर जिवावर बेतलं. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध चालू होतं. फ्रेंचांनी ‘ब्रन्सविक’ जहाज पकडलं, माल गेला, आणि जमशेटजी आफ्रिकेच्या टोकाला रिकाम्या हातानं अडकले. पण त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. दोघांची ओळख झाली ती कायमची. या जार्डिननं पुढे डॉक्टरकी सोडली आणि चीनमधल्या सगळ्यात बड्या व्यापारी कंपन्यांपैकी एक उभी केली, जार्डिन मॅथेसन.

जमशेटजी मात्र १८०७ नंतर पुन्हा चीनला गेले नाहीत. मुंबईत पेढीवर बसूनच त्यांनी व्यापार वाढवला. १८१४ मध्ये स्वतःचं जहाज घेतलं, नाव ‘गुड सक्सेस’. आधी कापसात पैसा झाला. मग त्याहून मोठा पैसा दिसला, तो अफूत.

हा धंदा कसा चालायचा, ते नीट बघा. इंग्रजांना चहाचं वेड लागलेलं. चहा चीनचा, आणि चीनला बदल्यात हवी चांदी. ती चांदी परत खेचायला इंग्रजांना एक माल सापडला, अफू. चीनच्या बादशहानं तर १७२९ मध्येच तिच्यावर बंदी घातलेली. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं शक्कल लढवली. बंगालची अफू ती कलकत्त्यात लिलावानं विकायची, पण स्वतःच्या जहाजातून चीनला न्यायची नाही. ते काम खासगी व्यापाऱ्यांचं. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जायची, तिच्यावर कंपनी कर घ्यायची. कँटनजवळ लिंटिन बेटापाशी जहाजं नांगर टाकून उभी असत. पेट्या तिथे उतरायच्या आणि चिनी तस्कर वेगवान होड्यांतून त्या किनाऱ्याला न्यायचे. अधिकाऱ्यांचे हात आधीच ओले केलेले असायचे.

म्हणजे माळव्याचा शेतकरी, दलाल, मुंबईचा व्यापारी, जहाजाचा कप्तान, तस्कर, चिनी दुकानदार, अशी ही साखळी. प्रत्येकाला फक्त आपल्या मागचा आणि पुढचा माणूस ठाऊक. शेवटी चिलीम ओढत पडलेला माणूस, त्याची बायको, विकलेलं घर, हे मुंबईच्या पेढीवरून दिसायचं कसं?

आणि हा माल आपोआप खपत होता असंही नाही. गिऱ्हाईक तयार केलं जात होतं. १८३२ मध्ये जार्डिनच्या कंपनीनं ‘सिल्फ’ नावाचं जहाज चीनच्या उत्तर किनाऱ्याकडे पाठवलं, जिथे अजून परदेशी व्यापार पोचला नव्हता. सोबत दुभाषा म्हणून चिनी भाषा येणारा कार्ल गुट्झलाफ हा मिशनरी घेतला. एकाच जहाजातून धर्माची पुस्तकंही वाटली गेली आणि अफूही विकली गेली. एका बाबतीत हा माल विकणाऱ्याच्या फार सोयीचा होता. गिऱ्हाईक एकदा लागलं की त्याला पुन्हा पटवावं लागत नाही.

मुंबईतून जार्डिनच्या कंपनीला माल पाठवणाऱ्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्यांत जमशेटजी होते. त्यांच्या व्यापारी पत्रांच्या वह्या आजही मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जहाजं, दर, हुंड्या आणि मालाचा दर्जा, असा तो सगळा व्यवहार.

मग हा माणूस दुष्ट होता का? इथेच खरी गोम आहे. १८२२ मध्ये त्यांनी कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांची देणी भरून त्यांना सोडवलं. मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारायला लागलं, तेव्हा लोक खवळले. पुढे १८३४ मध्ये मुक्या जनावरांसाठी पांजरपोळ उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत जमशेटजी होते. माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडून माणसं मरत, म्हणून आवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले आणि १८४५ मध्ये तिथे रस्ता झाला. त्याच वर्षी जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं, त्यालाही त्यांचे लाख रुपये होते. पुण्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेल्या बंधाऱ्यालाही त्यांनी पैसा दिला. आजचं बंडगार्डन त्याच बंधाऱ्यावरून ओळखलं जातं.

तुरुंगातला कर्जदार दिसत होता. रस्त्यावरचं कुत्रं दिसत होतं. खाडीत बुडणारा माणूस दिसत होता. कँटनचा नशेबाज दिसत नव्हता. नजर जिथे पोचली, तिथे दया पोचली. नजरेपलीकडच्या माणसापर्यंत मालाच्या पेट्या तेवढ्या पोचल्या.

१८३९ मध्ये चीनच्या बादशहानं लिन झेशू या अधिकाऱ्याला कँटनला धाडलं. त्यानं परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या आणि चर खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून ती सगळी अफू नष्ट केली. इंग्लंडच्या राणीच्या नावे त्यानं एक पत्रही लिहिलं. तुमच्या लोकांना ज्याची बाधा होऊ देत नाही, ते आमच्या लोकांना का विकता, असा त्याचा सवाल होता. इकडे मुंबईत हलकल्लोळ झाला तो पैसा बुडाला म्हणून. नुकसानभरपाई मागणाऱ्यांत जमशेटजी पुढे होते. इंग्लंडनं युद्ध केलं, जिंकलं. १८४२ च्या नानकिंग तहात हाँगकाँग घेतलं आणि अफूपोटी साठ लाख डॉलरही वसूल केले. त्याच १८४२ साली जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. १८५७ मध्ये बॅरोनेट झाले. १८५८ मध्ये चीनला अफूची आयात कायदेशीर करावी लागली. एप्रिल १८५९ मध्ये जमशेटजी गेले.

ही जुनी गोष्ट झाली, असं म्हणू नका. आपल्या शेजारी, विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत सांगली पोलिसांनी जानेवारी २०२५ मध्ये छापा टाकला, आणि एमडी या नशेच्या पावडरीचा कारखाना सापडला. पावडर बनवायची इथे आणि ती ओढणारा पोरगा कुठल्या तरी लांबच्या शहरातला. साखळी तीच, फक्त जहाजाच्या जागी गाडी आली.

तो तर उघड गुन्हा, तुम्ही त्या वाटेला जाणार नाही. पण उद्या हातात फोन आणि पुढ्यात यादी येईल. समोरच्याला न समजणारी पॉलिसी, न झेपणारं कर्ज, खोट्या कमाईची आशा दाखवणारं ॲप गळ्यात मारायचं काम येईल. पलीकडचा माणूस म्हणजे फक्त एक नंबर असेल. महिन्याचं टार्गेट पुरं झालं की कमिशन मिळेल, त्यातून गावच्या जत्रेला वर्गणीही द्याल, आणि गाव कौतुकही करेल.

जे. जे. हॉस्पिटलानं आजवर असंख्य गरिबांना बरं केलंय, ते पुण्य खोटं नाही. पण त्यानं कँटनमधल्या एकाही घराचं नुकसान भरून निघालं नाही. दान एकाला मिळालं, घाव दुसऱ्यालाच बसला होता. म्हणून पुढे किती दान करायचं, ते नंतर ठरवा. आपण विकतोय तो माल शेवटी कुणाच्या घरात जातो आणि तिथे काय करतो, हे आधी विचारा. उत्तर मिळत नसेल, तर स्वतः जाऊन बघून या. आणि ते बघायची हिंमत होत नसेल, तर समजा की उत्तर तुम्हाला मिळालंय.