युरिएल वाइनराइख

युरिएल वाइनराइख (२३ मे, १९२६:विल्नो, पोलंड – ३० मार्च, १९६७:न्यू यॉर्क, अमेरिका) हे पोलिश-अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते. द्वैभाषिकतेच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. पूर्व युरोपातील ज्यूंची घरगुती भाषा यिडिश हा त्यांच्या संशोधनाचा दुसरा मोठा विषय होता.

जीवन

त्यांचे वडील माक्स वाइनराइख हे विल्नो (सध्याचे व्हिल्नियस, लिथुएनिया) येथील यिवो या यिडिश संशोधन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक होत. माक्स स्वतः जर्मन बोलणाऱ्या घरात वाढले आणि यिडिश त्यांनी जाणीवपूर्वक आपलीशी केली. युरिएल यांना ती घरातच मिळाली. १९३९ साली ब्रसेल्सच्या भाषाशास्त्र परिषदेसाठी निघालेले पितापुत्र डेन्मार्कमध्ये असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले. विल्नोला न परतता ते १९४० मध्ये न्यू यॉर्कला पोहोचले. विल्नोत राहिलेल्या बहुतेक ज्यूंची पुढे नाझी राजवटीत हत्या झाली.

कोलंबिया विद्यापीठातून १९५१ साली डॉक्टरेट मिळवल्यावर वाइनराइख तेथेच यिडिशचे प्राध्यापक झाले. विल्यम लबॉव्ह हे त्यांचे विद्यार्थी.

द्वैभाषिकतेवरील संशोधन

प्रबंधासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमधील रोमान्श व जर्मन भाषकांचा अभ्यास केला. त्यातून 'लँग्वेजेस इन कॉन्टॅक्ट' (१९५३) हा ग्रंथ आकारास आला. दोन भाषांचा संपर्क प्रत्यक्षात घडतो तो दोन्ही बोलणाऱ्या माणसाच्या ठायी, हे त्याचे मूळ सूत्र आहे. अशा माणसाच्या बोलण्यात एका भाषेची छाप दुसरीवर कशी पडते, हे त्यांनी उच्चार, व्याकरण व शब्दसंग्रह अशा पातळ्यांवर मांडले. मात्र ही छाप किती पडावी आणि घरची भाषा टिकावी की सुटावी, याचे उत्तर केवळ भाषेच्या रचनेत सापडत नाही. भाषेची प्रतिष्ठा, धर्म, वय, व्यवसाय यांचाही त्यात वाटा असतो, असे त्यांनी दाखवले. १९५७ मध्ये त्यांनी भारतातील द्वैभाषिकतेवर १९५१च्या जनगणनेच्या आधारे दीर्घ लेख लिहिला.

यिडिशविषयक कार्य

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी त्यांनी लिहिलेले 'कॉलेज यिडिश' (१९४९) हे पाठ्यपुस्तक अनेक वर्षे वापरात राहिले. त्यांचा इंग्रजी-यिडिश, यिडिश-इंग्रजी शब्दकोश मृत्यूनंतर, १९६८ साली प्रसिद्ध झाला. प्रचारातील अनेक जर्मन वळणाचे शब्द त्यात अग्राह्य ठरवल्याबद्दल त्यावर टीका झाली. भाषांची सरमिसळ स्वाभाविक मानणाऱ्या अभ्यासकाने कोशात एवढे काटेकोर व्हावे, हे विसंगत वाटते खरे. पण भाषा घराघरांत बोलणारा समाजच नष्ट झालेला असताना नव्या पिढीच्या हाती प्रमाण रूप देण्याची निकड त्यामागे होती.

यिडिश बोलींच्या भाषानकाशाची योजनाही त्यांचीच. मूळ गावांत यिडिश भाषक उरले नसल्याने तेथून अमेरिका, इस्रायल आदी ठिकाणी गेलेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यात आल्या आणि प्रत्येकाची बोली त्याच्या जन्मगावाच्या जागी नोंदवली गेली. हे काम चालू असतानाच वयाच्या ४०व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सहकारी मार्व्हिन हर्झॉग यांनी ते पुढे नेले. नकाशासंग्रहाचा पहिला खंड १९९२ मध्ये प्रकाशित झाला.