डॉ. सिडनी फार्बर : रोगमुक्तीनंतरच्या आयुष्याचाही विचार करणारा वैद्य

रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत दगावते, ही गोष्ट १९४७ सालापर्यंत जगातील कोणत्याही रुग्णालयात गृहीत धरली जात असे. आज प्रगत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास मुले निदानानंतर पाच वर्षांहून अधिक काळ जगतात आणि त्यांतील बहुसंख्य मुले प्रौढ होतात, नोकरी-व्यवसाय करतात, संसार थाटतात. या परिवर्तनाच्या प्रारंभी ज्यांचे नाव घ्यावे लागते, ते म्हणजे बोस्टनचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर. आधुनिक केमोथेरपीचे जनक म्हणून ते ओळखले जातात. मात्र लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या माणसाचे पुढील तीस-चाळीस वर्षांचे आरोग्य कसे असते, हा आज महत्त्वाचा ठरलेला प्रश्नही त्यांच्याच कार्यातून जन्माला आला, याची जाणीव फार थोड्यांना असते.

फार्बर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. चौदा भावंडांतील ते तिसरे. त्यांचे बंधू मार्व्हिन पुढे तत्त्वज्ञानाचे नामांकित प्राध्यापक झाले. सिडनी यांनी १९२३ मध्ये बफेलो विद्यापीठाची पदवी घेतली. त्या काळी अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर अघोषित मर्यादा होत्या. त्यामुळे त्यांनी वैद्यकाचे पहिले वर्ष जर्मनीतील हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे पूर्ण केले आणि तेथील यशाच्या बळावर हार्वर्डमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवला. १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह नॉर्मा यांच्याशी झाला. त्या गायिका आणि कवयित्री होत्या. बालसाहित्यातही त्यांनी नाव मिळवले.

तळघरातील प्रयोगशाळा

१९२९ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात पूर्णवेळ विकृतिशास्त्रज्ञ म्हणून फार्बर यांची नेमणूक झाली. या पदावरील ते पहिलेच. त्यांची प्रयोगशाळा तळघरात होती आणि काम मुख्यतः शवविच्छेदनाचे होते. १९३७ मध्ये त्यांनी शवविच्छेदनावर लिहिलेला ग्रंथ बराच काळ प्रमाण मानला गेला. बालकांच्या अनेक दुर्मीळ विकारांचा त्यांनी अभ्यास केला. मेदाच्या चयापचयाशी निगडित असा एक आनुवंशिक विकार तर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

वर वॉर्डात मुले दगावत आणि खाली तळघरात त्यांच्या पेशी काचपट्टीवर येत. सुमारे दोन दशके हा क्रम चालू होता. मृत्यूचे कारण अचूक सांगता येते, पण मृत्यू टाळता येत नाही, याची बोचणी या शिस्तप्रिय आणि काहीशा अलिप्त स्वभावाच्या डॉक्टरांना लागून राहिली. अखेर वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी जिवंत मुलांवर उपचार करण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी निवडला तो त्या वेळी सर्वांत निराशाजनक समजला जाणारा रोग, रक्ताचा कर्करोग अर्थात ल्युकेमिया.

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांशी जोडलेला धागा

या शोधाची पूर्वकथा मुंबईकरांना माहीत असावी अशी आहे. इंग्लंडमधील डॉ. ल्यूसी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या आणि मुंबईतील गिरणी कामगार गरोदर स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे त्यांनी संशोधन केले. मार्माइट या नावाने विकल्या जाणाऱ्या यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर स्त्रीला दिले जाणारे फॉलिक अॅसिड. हे द्रव्य कृत्रिमरीत्या तयार करण्याचे काम १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली झाले. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या या भारतीय शास्त्रज्ञाने पूर्वी हार्वर्डमध्येही संशोधन केले होते.

फॉलिक अॅसिड रक्तपेशींच्या वाढीला मदत करते, तर ल्युकेमियाच्या रुग्णालाही त्याचा लाभ व्हावा, या कल्पनेने फार्बर यांनी त्या गटातील संयुगे रुग्णांना देऊन पाहिली. परिणाम उलटा झाला. रोगट पेशींच्या वाढीला वेगच आल्याचे दिसून आले. परंतु या अपयशातूनच त्यांनी नेमका निष्कर्ष काढला. जे द्रव्य दिल्याने रोग वाढतो, त्याचे कार्य रोखणारे द्रव्य दिले तर रोग मागे हटेल. असे विरोधी द्रव्य त्यांनी लेडर्लीकडे मागितले. सुब्बाराव यांच्या चमूने पुरवलेले अॅमिनोप्टेरिन डिसेंबर १९४७ च्या अखेरीस एका लहान मुलाला देण्यात आले आणि वाढतच चाललेली रोगट पेशींची संख्या उतरू लागली.

३ जून १९४८ रोजी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये फार्बर आणि सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. उपचार केलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली होती. मात्र ती तात्पुरती होती आणि हे फार्बर यांनी लपवले नाही. वैद्यकीय जगतातील अनेकांनी या निष्कर्षांवर अविश्वास दाखवला. त्यांच्या रुग्णालयातील काही सहकाऱ्यांनाही मरणासन्न मुलांवर असे प्रयोग करण्याऐवजी त्यांना शांतपणे जाऊ द्यावे असे वाटत होते. सुब्बाराव यांचे ऑगस्ट १९४८ मध्ये निधन झाले. आपल्या द्रव्याने पुढे किती मुले वाचली, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

‘जिमी’ नावाचा मुलगा

संशोधनाला पैसा हवा आणि पैशासाठी जनतेचा पाठिंबा हवा, हे फार्बर यांनी लवकरच ओळखले. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरील एका लोकप्रिय कार्यक्रमातून त्यांच्या बारा वर्षांच्या एका रुग्णाला देशभरातील श्रोत्यांपुढे आणण्यात आले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून त्याला ‘जिमी’ हे नाव देण्यात आले. बोस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेभोवती जमले. सामने पाहण्यासाठी जिमीला दूरचित्रवाणी संच हवा होता. त्यासाठी श्रोत्यांकडून २० हजार डॉलरची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या वर्षी २ लाख ३१ हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला आणि १९५२ मध्ये बालकर्करोगासाठी स्वतंत्र इमारत सुरू झाली.

या इमारतीत फार्बर यांनी जी व्यवस्था बसवली, ती त्यांच्या औषधाइतकीच महत्त्वाची म्हणावी लागेल. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजसेवक आणि समुपदेशक एकाच छताखाली आणून त्यांनी मुलाबरोबर त्याच्या कुटुंबाचीही जबाबदारी उचलली. रोग पेशीत असला तरी उपचार पूर्ण मुलावर व्हावयास हवेत, अशी त्यांची धारणा होती. या पद्धतीला त्यांनी संपूर्ण शुश्रूषा असे नाव दिले. मूल बरे होऊन घरी गेल्यावर ही शुश्रूषा संपते की पुढेही चालू राहते, हा प्रश्न त्या काळी फारसा उद्भवत नव्हता, कारण दीर्घकाळ जगणारी मुलेच थोडी होती.

यशाबरोबर आलेले देणे

हे चित्र बदलण्यास फार्बर यांचेच पुढील कार्य कारणीभूत ठरले. सेलमन वॅक्समन यांनी शोधलेले अॅक्टिनोमायसिन-डी हे प्रतिजैविक त्यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यात मूत्रपिंडाच्या ‘विल्म्स’ गाठीवर वापरले. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांना या औषधाची जोड मिळताच फुफ्फुसापर्यंत पसरलेला रोगही काही मुलांत नाहीसा होऊ लागला.

याच काळात, याच परिसरात धोक्याच्या खुणाही उमटत होत्या. वाढत्या वयात पाठीच्या कण्यावर क्ष-किरण पडल्यास मणक्यांची वाढ खुंटते, हे बोस्टनच्या बालरुग्णालयातील क्ष-किरणतज्ज्ञांनी १९५२ मध्येच मांडले होते. अॅक्टिनोमायसिनमुळे किरणांचा परिणाम अधिक तीव्र होतो, ही बाब १९५९ मध्ये डॉ. ज्युलिओ डँजिओ यांनी फार्बर यांच्यासह प्रसिद्ध केली. उपचारांनी गाठ नष्ट होते, तसेच त्यांची झळ वाढत्या शरीरालाही बसते आणि ती अनेक वर्षांनी दिसू शकते, हे हळूहळू स्पष्ट होऊ लागले.

फार्बर यांचे लक्ष मात्र तोवर राष्ट्रीय पातळीवरील लढ्याकडे वळले होते. मेरी लास्कर यांच्या साथीने त्यांनी कर्करोग संशोधनाला सरकारी निधी मिळावा म्हणून वर्षानुवर्षे अमेरिकी संसदेचे उंबरठे झिजवले. रोगाची सर्व कारणे उलगडेपर्यंत रुग्णाला ताटकळत ठेवणे त्यांना मान्य नव्हते. मूलभूत ज्ञान अपुरे असताना ही घाई अनाठायी आहे, असा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्रीय कर्करोग कायद्यावर अध्यक्ष निक्सन यांची स्वाक्षरी झाली. त्यानंतर सव्वा वर्षाने, ३० मार्च १९७३ रोजी फार्बर यांचे हृदयविकाराने निधन झाले. ते ६९ वर्षांचे होते. त्यांनी स्थापन केलेली संस्था आज डाना-फार्बर कर्करोग संस्था म्हणून विख्यात आहे.

त्यांच्या पश्चात दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, त्यांचे जुने सहकारी डँजिओ यांनी एका निबंधात मुलाला केवळ रोगमुक्त करणे पुरेसे नाही, असा विचार मांडला. विल्म्स गाठीच्या राष्ट्रीय अभ्यासातून त्यांनीच पुढे दाखवून दिले की, दोन वर्षांखालील मुलांत रोग मूत्रपिंडापुरता मर्यादित असून गाठ पूर्णपणे काढता आली असेल, तर किरणोपचार वगळता येतात. कमीत कमी इजा करून जीव वाचवण्याचे हे धोरण नंतर बालकर्करोगाच्या सर्वच शाखांनी स्वीकारले.

आकडे काय सांगतात?

१९९४ मध्ये अमेरिकेत बालपणी कर्करोगातून वाचलेल्यांचा एक व्यापक अभ्यास सुरू झाला. १९७० ते १९८६ या काळात निदान झालेल्या १० हजार ३९७ प्रौढांची त्यातील माहिती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय जेमतेम सत्तावीस होते. तरीही ६२ टक्के जणांना किमान एक दीर्घकालीन व्याधी होती आणि २७ टक्क्यांहून अधिक जणांची व्याधी गंभीर किंवा प्राणघातक स्वरूपाची होती. अँथ्रासायक्लिन गटातील औषधांनी हृदयाचे स्नायू दुबळे होतात, छातीवरील किरणांनी तरुण वयातच स्तनांचा कर्करोग संभवतो, डोक्यावरील किरणांनी वाढ, स्मरणशक्ती आणि संप्रेरकांवर परिणाम होतो, तर काही औषधे अपत्यप्राप्तीत अडथळा आणतात.

पण हे चित्र निराशेचे नाही. त्याच अभ्यासातील ३४ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून २०१६ मध्ये असे आढळले की, पाच वर्षे जगलेल्या मुलांपैकी पुढील पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकाच्या प्रारंभी १२.४ टक्के होते, ते १९९० च्या दशकात ६ टक्क्यांवर आले. उपचारांची मात्रा विचारपूर्वक कमी करण्याचा त्यात मोठा वाटा आहे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९१ मध्येच उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू केला. लहानपणी कर्करोगावर मात केलेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गटही २००९ पासून येथे कार्यरत आहे. तरीही आपल्याकडे मूल बरे झाले की जुनी फाईल माळ्यावर जाते आणि लग्नाच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून आजाराचा उल्लेखही टाळला जातो, हे वास्तव नाकारता येत नाही. तिशीत धाप लागली तर लहानपणी घेतलेल्या औषधाची आठवण रुग्णाला नसते आणि डॉक्टरांना ती विचारण्याचे कारण दिसत नाही.

म्हणूनच कोणती औषधे किती मात्रेत मिळाली आणि किरणोपचार शरीराच्या कोणत्या भागावर झाले, याचा लेखी सारांश आयुष्यभर जवळ बाळगावा, असे तज्ज्ञ आवर्जून सुचवतात. त्यावरून हृदयाची सोनोग्राफी किती काळाने करावी, हे ठरवता येते. छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांनी वयाच्या २५ व्या वर्षापासून किंवा उपचारांनंतर आठ वर्षांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हापासून स्तनांची नियमित तपासणी करून घ्यावी, असा संकेत आहे.

आणि तो जिमी? तो केव्हाच दगावला असेल, असे बहुतेक सर्वांनी गृहीत धरले होते. १९९८ मध्ये, रेडिओवरील त्या कार्यक्रमाला पन्नास वर्षे झाली असताना, तो जगासमोर आला. मेन राज्यातील आयनर गुस्ताफसन हा तो मुलगा ट्रकचालक म्हणून आयुष्य काढून तीन मुलींचा बाप आणि नातवंडांचा आजोबा झाला होता. जानेवारी २००१ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फार्बर यांनी ज्या आजारी मुलाला देशापुढे उभे केले, त्याला बारा वर्षांनंतर आणखी त्रेपन्न वर्षे जगायचे होते. आज तसे आयुष्य लाखो मुलांच्या वाट्याला येत आहे आणि त्या प्रत्येक वर्षाची काळजी वाहणे, हाच फार्बर यांच्या संपूर्ण शुश्रूषेचा राहिलेला भाग होय.