फादर स्टीफन्स आणि सहाशे खिळे

मराठीत सुमारे ११,००० ओव्या रचणाऱ्या एका ग्रंथकारास त्यांतील एकही ओवी देशी अक्षरांत छापलेली पाहण्याचे भाग्य लाभले नाही. ग्रंथ छापला गेला, वाचला गेला, लोकांच्या तोंडी बसला. पण तो छापला गेला तो रोमन अक्षरांत. हे ग्रंथकार म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स.

विद्यार्थीमित्रहो, त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशर परगण्यात बुश्टन ह्या खेड्यात झाला. त्या काळी इंग्लंडात रोमन कॅथलिक मताच्या माणसास उघडपणे राहणे कठीण होते. स्टीफन्स देश सोडून रोम येथे गेले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदर सोडले व ता. २४ ऑक्टोबर रोजी ते गोव्यास उतरले. ह्या साडेसहा महिन्यांच्या प्रवासाची हकीकत त्यांनी पित्यास कळविली. ती पुढे इंग्लंडात छापून निघाली आणि हिंदुस्थानच्या वाटेविषयी तेथील व्यापाऱ्यांचे कुतूहल तिने चाळविले. १५८३ साली राल्फ फिच व त्याचे सोबती गोव्याच्या बंदिखान्यात पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत आपले फादर होतेच.

सासष्टी महालातील मडगाव, राशोल ह्या भागांत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. भाषा शिकण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. १५८३ सालीच आपल्या भावास पत्र लिहून त्यांनी कळविले होते की, इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन ह्यांच्या घडणीसारखी दिसते. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितली, तेव्हा विद्वानांचे तिकडे लक्ष गेले. दोनशे वर्षे आधी एका पाद्र्याच्या ध्यानी ती आली होती, हे फारच थोड्यांस ठाऊक आहे.

आता लिपीची गोष्ट. पणजोबांच्या पेटीतील खरेदीखत मोडीत आणि देवघरातील पोथी बाळबोधीत, म्हणजे एकाच भाषेचे दोन वेष, हे कोल्हापुरास नवे नाही. गोव्यात तिसरा वेष आला. तेथे छापखाना १५५६ सालीच आला होता, पण देशी अक्षरांचे खिळे त्यात नव्हते. म्हणून मराठी व कोंकणी शब्दांस पोर्तुगीज वळणाचा रोमन पोशाख चढविण्यात आला. तो अंगाला नीट बसेना. ‘ळ’ दाखविण्यासाठी ‘एल्’ दोनदा लिहावा लागे. ‘श’साठी ‘एक्स्’ घ्यावा लागे. ‘का’ लिहिताना ‘सी’ आणि ‘की’ लिहिताना ‘क्यू’ व ‘यू’, म्हणजे बाराखडीतील एकाच ‘क’ची दोन सोंगे!

स्टीफन्स ह्यांस हे सलत होते. १६०८ साली त्यांनी रोमला संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस पत्र पाठविले. मलबाराकडे देशी अक्षरांत पुस्तके छापली जातात व तेथील मंडळीस त्यांचा मोठा लाभ होतो, तसे आपल्याकडेही व्हावे अशी आपली बहुत वर्षांची इच्छा असल्याचे त्यांनी त्यात कळविले. अडचणीही लपविल्या नाहीत. युरोपात चोवीस अक्षरांनी काम भागते. येथे प्रत्येक अक्षरास काना, मात्रा, वेलांटी, शिवाय जोडाक्षरे, म्हणून सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. दुसरी अडचण अशी की, वरिष्ठांच्या हुकुमावाचून हे काम होणार नाही आणि वरिष्ठांस तर इतर कामांतून सवडच नाही. साठीच्या घरात पोहोचलेल्या माणसाची ही विनंती होती. ते खिळे काही ओतले गेले नाहीत.

म्हणून ते थांबले काय? नव्या ख्रिस्ती मंडळीस वाचावयास पूर्वीची पुराणे राहिली नव्हती. त्यांच्या जागी काहीतरी द्या, अशी मागणी एका ब्राह्मणाने केल्याचा प्रसंग त्यांच्या ग्रंथाच्या आरंभीच आहे. एकनाथमहाराजांचा काळ नुकताच सरला होता आणि ओवी हा छंद घरोघर रुळलेला होता. स्टीफन्स ह्यांनी तोच उचलला. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, असे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठी भाषेचा गौरव करणाऱ्या ओव्या तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकल्या असतीलच. तीन वर्षांनी, १६१९ साली, फादर निवर्तले. त्यांनी कोंकणीचे जे व्याकरण रचले होते ते १६४० साली बाहेर आले; भारतीय भाषेचे छापलेले ते पहिले व्याकरण मानले जाते.

पुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. नंतर वारे फिरले. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेसाठी एका परदेशी माणसाने आयुष्य वेचले, तिलाच त्याच्या मागून आलेल्यांनी दाराबाहेर काढावे, ह्याला काय म्हणावे? पुराणाच्या त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो गोवा सोडून मंगळुराकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. त्यांनी हातांनी नकला करून तो पिढ्यान् पिढ्या जपला, आणि त्या नकलांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापविला. लिपी अर्थात रोमनच.

देवनागरी खिळ्यांचे म्हणाल तर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे डॉ. विल्यम केरी ह्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण छापले, त्यात मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी जुळविले होते. म्हणजे स्टीफन्स ह्यांच्या पत्रास तेव्हा १९७ वर्षे लोटली होती. खुद्द पुराणाची एक देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये मार्सडेन ह्यांच्या संग्रहात निघाली. मराठी संतांचे अभ्यासक, अमेरिकन मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट ह्यांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत ती प्रकाशात आणली. तिच्यात संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे, त्यामुळे मूळ ग्रंथ कोणत्या लिपीत लिहिला गेला ह्यावर पंडितांत वाद माजला. अखेर १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू ह्यांनी संपूर्ण ख्रिस्तपुराण देवनागरीत छापून प्रसिद्ध केले.