नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस (२९ ऑक्टोबर १८५९ – १९३६) हे मुंबईचे पारशी भौतिकशास्त्रज्ञ आणि कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. १८९६ ते १९१९ या काळात ते या पदावर होते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षणकार्य धोक्यात आले. तेव्हा त्यांनी अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारली आणि जुन्या व नव्या नोंदींचा सांधा जुळवून घेतला. कुलाब्याच्या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी एकत्र करून, तपासून व त्यांची मीमांसा करून त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला द्विखंडात्मक ग्रंथ भूचुंबकत्वाच्या अभ्यासातील पायाभूत ग्रंथांत गणला जातो.

शिक्षण व अध्यापन

मूस यांनी मुंबई विद्यापीठाची एल.सी.ई. ही स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्या काळी मुंबई इलाख्यात या पदवीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळत असे. त्यानंतर स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. पुढे ते एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे सदस्यही झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापन केले. अभियंत्याचे शिक्षण आणि भौतिकशास्त्राचा व्यासंग या दोन्हींचा उपयोग त्यांना पुढे वेधशाळेत झाला. तेथे नुसते गणित जाणणारा माणूस पुरेसा नव्हता. इमारत कशी बांधावी आणि उपकरण कोठे बसवावे हेही जाणणारा हवा होता.

कुलाबा वेधशाळेची पार्श्वभूमी

कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये बांधली. खगोलीय वेध घेणे आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरवणे हा तिचा मूळ हेतू होता. १८४१ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे हवामान व भूचुंबकत्व यांच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. त्या सुमारास युरोपातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने जगभर चुंबकीय निरीक्षण केंद्रांचे जाळे विणले जात होते. पृथ्वीचे चुंबकत्व क्षणोक्षणी बदलते आणि ते बदल एकाच वेळी दूरदूरच्या ठिकाणी जाणवतात, हे तोवर लक्षात आले होते. त्यामुळे एका ठिकाणची नोंद इतर ठिकाणच्या नोंदींशी ताडून पाहता आली तरच तिला पुरता अर्थ येत असे.

या वेधशाळेशी मराठी विद्वानांचा संबंध आरंभापासूनचा आहे. बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ तिचा कार्यभार होता. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक व पंचांगसुधारक म्हणून प्रसिद्धी पावलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे साहाय्यकाचे काम केले होते. छत्रे हे अलिबागजवळच्या नागावचे. कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी पुढे त्याच परिसरात आश्रयाला गेल्या, हा केवळ योगायोग होय.

सुरुवातीच्या दशकांत नोंदी डोळ्यांनी पाहून हाताने लिहिल्या जात. टांगलेल्या चुंबकपट्टीची स्थिती दुर्बिणीतून मोजपट्टीवर वाचायची, सोबत तापमान टिपायचे आणि दोन्ही वहीत उतरवायचे, असे हे काम रात्रंदिवस चाले. ते बहुतांशी भारतीय साहाय्यकांच्या हाती होते. १८७० च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रण पद्धतीची स्वयंलेखी उपकरणे बसवण्यात आली. त्यांत चुंबकावरील आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण संवेदी कागदावर अखंड रेषा उमटवी. चार्ल्स चेंबर्स यांनी सुमारे तीन दशके वेधशाळेची धुरा वाहिली. १८९६ मध्ये त्यांच्या निधनानंतर मूस संचालक झाले.

संचालकपद

मूस यांच्या हाती वेधशाळा आली तेव्हा तिच्यापाशी अर्धशतकाच्या नोंदी होत्या. दरवर्षीचे छापील अहवालही होते. मात्र या नोंदी एकजिनसी नव्हत्या. उपकरणे बदलली होती, चुंबकांची शक्ती काळानुसार क्षीण झाली होती आणि तापमानाच्या शुद्धी वेगवेगळ्या पद्धतींनी केलेल्या होत्या. एका दशकातील आकडा दुसऱ्या दशकातील आकड्याशेजारी ठेवला तर दोहोंतील फरक पृथ्वीच्या चुंबकत्वाचा की उपकरणाचा, हे सहज सांगता येत नव्हते.

दरम्यान वेधशाळेचे कार्यक्षेत्रही वाढले. १८९७ च्या आसाममधील प्रलयंकारी भूकंपानंतर भारतात भूकंपमापनाची निकड जाणवली आणि १८९८ मध्ये कुलाब्यास मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपलेखी यंत्र बसले. देशातील पहिल्या काही भूकंपलेखी यंत्रांपैकी ते एक होय. हवामानाच्या नोंदीही अखंड चालू होत्या. तथापि मूस यांच्या कारकिर्दीतील खरा कसोटीचा प्रसंग आकाशातून वा भूगर्भातून आला नाही. तो रस्त्यावरून आला.

ट्रामगाड्यांचे संकट

मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ पासून धावत होत्या आणि त्यांचा मार्ग कुलाब्यापर्यंत होता. घोड्यांपासून चुंबकाला उपद्रव नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गाड्या विजेवर चालवण्याचा विचार पक्का होऊ लागला, तेव्हा परिस्थिती पालटली. विजेच्या ट्रामगाडीला एकदिश प्रवाह लागतो. तो डोक्यावरच्या तारेतून गाडीत येतो आणि रुळांवाटे वीजकेंद्राकडे परततो. परतताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो. असा भरकटलेला प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि गाड्यांच्या ये-जा करण्यानुसार ते सतत बदलत राहते. पृथ्वीच्या चुंबकत्वातील अतिसूक्ष्म फेरफार टिपणाऱ्या उपकरणाला मग सूर्यावरील उलथापालथ कोणती आणि रस्त्यावरील ट्रामगाडी कोणती, हे वेगळे करता येत नाही.

हे संकट एकट्या मुंबईचे नव्हते. कॅनडातील टोरांटोच्या वेधशाळेला याच कारणास्तव १८९८ मध्ये शहराबाहेर अजिनकोर्टला जावे लागले. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय काम स्कॉटलंडमधील एस्कडेलमुर येथे आणि जर्मनीतील पॉट्सडॅमचे काम झेडीन येथे हलवावे लागले. शहराची सोय आणि विज्ञानाची गरज यांत शहराचीच सरशी होणार, हे उघड होते. वेधशाळा बंद करावी, तेथेच दूषित नोंदी घेत राहावे किंवा दुसरीकडे जावे, एवढेच पर्याय उरत.

मूस यांनी तिसरा पर्याय निवडला. परंतु नुसते स्थलांतर केल्याने प्रश्न सुटणार नव्हता. चुंबकीय क्षेत्राचे मूल्य स्थळागणिक बदलते. जमिनीखालच्या खडकाचाही त्यावर परिणाम होतो. एके दिवशी जुन्या जागी काम थांबवून दुसऱ्या दिवशी नव्या जागी सुरू केले असते, तर साठ वर्षांची मालिका तेथेच तुटली असती आणि नवी मालिका शून्यापासून सुरू झाली असती. पृथ्वीच्या चुंबकत्वातील दीर्घकालीन बदल दशकानुदशके चालतात. ते समजण्यासाठी तुटक मालिकेचा उपयोग फारच थोडा.

अलिबागची वेधशाळा

मूस यांनी नव्या वेधशाळेसाठी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील अलिबागची निवड केली. समुद्रकाठचे हे गाव ट्रामगाड्यांच्या आणि कारखान्यांच्या उपद्रवापासून दूर होते आणि तरीही मुंबईहून देखरेख ठेवण्याइतके जवळ होते. येथे नावांचा एक घोटाळा वाचकाने ध्यानी ठेवावा. जुनी वेधशाळा मुंबईतील कुलाब्यास होती, तर अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते आणि तेथील जलदुर्गाचे नावही कुलाबाच आहे. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुन्या कागदपत्रांत कोणता कुलाबा अभिप्रेत आहे, हे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते.

वेधशाळेच्या इमारतींचा आराखडा मूस यांनी स्वतः तयार केला. चुंबकावर प्रभाव पाडणारे कोणतेही द्रव्य बांधकामात येऊ नये, ही पहिली अट होती. त्यासाठी लोहद्रव्यरहित असा पोरबंदरचा दगड तपासून वापरण्यात आला. खिळे, बिजागऱ्या, कड्या आदी सारे सामान लोखंडाऐवजी तांब्या-पितळेचे होते. दुसरी अट तापमानाची. तापमान बदलले की चुंबकाची शक्तीही बदलते; म्हणून स्वयंलेखी उपकरणांची इमारत आत एक, बाहेर एक अशा दुहेरी भिंतींची करण्यात आली, जेणेकरून दिवस-रात्रीच्या फरकाचा आतील उपकरणांवर जवळजवळ परिणाम होऊ नये. प्रत्यक्ष मूल्ये मोजण्यासाठी वेगळी इमारत होती. कोकणातील दमट हवा आणि पावसाळा लक्षात घेता ही रचना टिकाऊ ठरली, हे विशेष म्हणावे लागेल.

अलिबाग येथील नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. तरीही कुलाब्याचे काम लगेच बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. दोन ठिकाणे, दोन्हीकडे उपकरणे, दोन्हीकडे माणसे असा हा दुहेरी खर्च होता. मात्र त्यातून दोन्ही स्थळांच्या मूल्यांतील फरक ऋतुमानासह निश्चित झाला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. या कामासाठी उसंतही फारशी उरली नव्हती. मुंबईतील पहिली विजेची ट्रामगाडी ७ मे १९०७ रोजी धावली.

ज्या ट्रामगाड्यांमुळे हे सारे घडले, त्या मुंबईत १९६४ मध्ये कायमच्या बंद झाल्या. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

१९१० चा ग्रंथ

स्थलांतराबरोबरच मूस यांनी जुन्या नोंदींचे काम हाती घेतले होते. त्याचे फलित म्हणजे १९१० मध्ये प्रसिद्ध झालेला 'कोलाबा मॅग्नेटिक डेटा, १८४६ टू १९०५' हा ग्रंथ. त्याच्या पहिल्या भागात नोंदी आणि उपकरणे यांची माहिती आहे, तर दुसऱ्या भागात चुंबकीय घटनांची मीमांसा आहे. ग्रंथाची ही विभागणी महत्त्वाची आहे. आकडा कोणत्या उपकरणाने, कोणत्या शुद्धीनंतर मिळाला हे सांगितल्याशिवाय मूस तो आकडा वाचकाच्या हाती देत नाहीत. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष न पटणाऱ्या अभ्यासकालाही त्यांच्याच सामग्रीवरून नव्याने हिशेब मांडता येतो.

दुसऱ्या भागातील चुंबकीय वादळांचे विवेचन सर्वाधिक गाजले. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस, प्रक्षुब्ध होते. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. प्रत्येक वादळ वेगळे दिसते आणि त्याच्या आलेखात रोजचा नियमित दैनंदिन फेरफारही मिसळलेला असतो. मूस यांनी अनेक वादळे घेतली आणि वादळ सुरू झाल्याचा क्षण हाच कालगणनेचा आरंभ धरून त्यांच्या नोंदी एकावर एक मांडल्या. शांत दिवसांवरून दैनंदिन फेरफार ठरवून तो वजा केला आणि उरलेल्याची सरासरी काढली. तेव्हा वादळांचे समान रूप स्पष्ट झाले. प्रथम चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक एकाएकी थोडा वाढतो, मग काही तासांत तो नेहमीच्या पातळीच्या बराच खाली घसरतो आणि पुढे काही दिवस सावकाश पूर्वपदावर येतो. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी अनेक वेधशाळांच्या नोंदी घेऊन हाच मार्ग विस्ताराने अनुसरला. वादळाच्या काळात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या विद्युतप्रवाहाची कल्पना त्यानंतर आकारास आली. मूस यांच्यापाशी प्रामुख्याने एका वेधशाळेची सामग्री होती. मात्र ती साठ वर्षांची होती.

१८५९ चे वादळ

कुलाब्याच्या नोंदींचे एक मोल मूस यांच्या निधनानंतर कित्येक दशकांनी उजेडात आले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्रज खगोलवेत्ते रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर प्रखर उद्रेक पाहिला आणि त्यानंतर एका दिवसाच्या आतच जगभर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रे बिघडली आणि ध्रुवीय प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी दक्षिणेकडे दिसला. अनेक वेधशाळांची उपकरणे या वादळात मोजपट्टीबाहेर गेली. मूस यांचा जन्म या घटनेनंतर सुमारे आठ आठवड्यांनी झाला.

कुलाब्यास तेव्हा डोळ्यांनी वाचून नोंदी घेतल्या जात होत्या आणि क्षोभाच्या काळात वाचनांमधील अंतर कमी करण्याची पद्धत होती. त्या दिवसाच्या साहाय्यकांनी ती पाळली. या छापील नोंदींच्या आधारे भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दाखवले होते. तासाच्या सरासरीने पाहिल्यास ही घसरण बरीच कमी भरते आणि तिच्या कारणांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तरीही उपग्रह, वीजवाहिन्या आणि दूरसंचार यांना सौर वादळापासून असलेला धोका अजमावताना कुलाब्याची ही नोंद आजही विचारात घेतली जाते.

वारसा

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. पुढे, १९२८ मध्ये, भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९७१ मध्ये भूचुंबकत्वाचे काम हवामान खात्यापासून वेगळे होऊन भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आता नवीन पनवेल येथे आहे. अलिबागची वेधशाळा आणि कुलाब्याचा नोंदसंग्रह याच संस्थेकडे आले. भूचुंबकत्वाचे मुंबई येथील जागतिक विदा केंद्रही ती चालवते. अलिबागची वेधशाळा जगातील चुंबकीय वेधशाळांच्या इंटरमॅग्नेट या जाळ्यात सहभागी असून तिच्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध असतात. उपकरणे आता अंकीय आहेत. वेधशाळेची जागा मात्र मूस यांनी निवडलेलीच आहे.