निवृत्तीनंतरचे अण्णासाहेब कर्वे

फर्ग्युसन कॉलेजात तेवीस वर्षे गणित शिकवून धोंडो केशव कर्वे १९१४ साली निवृत्त झाले. वय छप्पन्न. आता विसावा घ्यावा, असे कुणीही म्हटले असते.

पण अण्णांचा दिवस रिकामा झाला नाही. नोकरी सांभाळून पायी हिंगणे गाठण्याची सवय जुनीच होती. आता सारा दिवस संस्थेचा झाला. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती त्यांनी एका पुस्तिकेत वाचली होती. ती मनात धरून १९१६ साली त्यांनी आपल्याकडे स्त्रियांचे विद्यापीठ काढले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्याच! पैशांसाठी गावोगाव हिंडावे लागले. १९२० साली ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली. सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, ते परदेशी निघाले आणि जपानचे ते विद्यापीठ डोळ्यांनी पाहून आले. १९३६ साली खेड्यांतील शाळांसाठी ते पुण्यात दारोदार वर्गणी मागत फिरले, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर होते.

अण्णांचा पैसा संस्थेकडे जाई, तेव्हा घर चालविण्याची चिंता आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्व्यांनी, वाहिली. हे आपण भगिनींनी तरी विसरू नये.

१९६२ साली, १०४ व्या वर्षी अण्णा गेले. नोकरी तेवीस वर्षांची, निवृत्ती अठ्ठेचाळीस वर्षांची! आपल्या घरचे कुणी निवृत्त होऊन उगाच उदास बसले असेल, तर त्यांना हा हिशेब अवश्य सांगावा; आणि नव्या कामाचा भार एकट्या गृहिणीवर पडणार नाही, एवढेही पाहावे.