लुई नेएल

लुई युजीन फेलिक्स नेएल (२२ नोव्हेंबर १९०४ – १७ नोव्हेंबर २०००) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. प्रतिलोहचुंबकत्व (अँटिफेरोमॅग्नेटिझम) आणि फेरीचुंबकत्व या चुंबकत्वाच्या दोन प्रकारांचा उलगडा करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. या कार्यासाठी १९७० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना स्वीडनचे हानेस आल्फव्हेन यांच्यासमवेत विभागून मिळाले. धातूंच्या अतिशय पातळ थरांच्या चुंबकीय गुणधर्मांविषयी त्यांनी मांडलेल्या कल्पना आजच्या माहिती साठवणाऱ्या उपकरणांच्या मुळाशी आहेत.

शिक्षण आणि स्ट्रासबर्ग

नेएल यांचा जन्म फ्रान्समधील लिआँ शहरी झाला. पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरिअर या नामांकित संस्थेत शिकून ते स्ट्रासबर्गला प्येर व्हाइस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले आणि १९३२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले.

लोखंडातील प्रत्येक अणू हा एक चिमुकला चुंबक असून शेजारच्या सर्व अणूंचे मिळून एक आंतरिक क्षेत्र त्याला आपल्या दिशेने वळवते, असा सिद्धांत व्हाइस यांनी १९०७ मध्ये मांडला होता. हे क्षेत्र सर्वत्र सारखे धरण्याऐवजी प्रत्येक अणूच्या निकटच्या शेजाऱ्यांवरून ठरवावे, असे शिष्याने सुचवले. शेजाऱ्यांचा परिणाम उलटाही असू शकेल, म्हणजे एक अणू वर तोंड करून असेल तर लगतचा खाली तोंड करील, ही शक्यता त्यातूनच पुढे आली. अशा पदार्थात निम्म्या अणूंचे चुंबकत्व उरलेल्या निम्म्यांचे चुंबकत्व नाहीसे करते. आत काटेकोर शिस्त असूनही बाहेरून पदार्थ चुंबक वाटतच नाही, म्हणून ती शिस्त सिद्ध करणे अवघड होते. रशियन शास्त्रज्ञ लान्दाऊ हेही १९३३ मध्ये स्वतंत्रपणे अशाच कल्पनेपर्यंत आले होते. विशिष्ट तापमानाच्या वर ही रचना मोडते. त्या तापमानाला आज नेएल तापमान म्हणतात. मँगॅनीज ऑक्साइडच्या बाबतीत ते सुमारे ११८ केल्व्हिन आहे. त्याच पदार्थातील आलटून-पालटून उलट असलेली रचना शल व स्मार्ट यांनी १९४९ मध्ये न्यूट्रॉन विवर्तनाने प्रत्यक्ष दाखवली, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

युद्धकाळ आणि ग्रेनोबल

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनीने समुद्रतळाशी चुंबकीय सुरुंग पेरले. पोलादी जहाज वरून जाताना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते आणि तेवढ्याने सुरुंग पेटतो. नेएल यांनी फ्रेंच नौदलासाठी जो उपाय काढला, त्यात जहाजाच्या सांगाड्यालाच पृथ्वीच्या क्षेत्रामुळे येणाऱ्या चुंबकत्वाच्या विरुद्ध दिशेचे कायम चुंबकत्व दिले जाई. दोन्ही परस्परांना छेद देत आणि सुरुंगाला जहाजाची चाहूल लागत नसे. शेकडो जहाजे आणि त्यांवरील माणसे यांचा प्रश्न ज्या गणितावर अवलंबून होता, ते दुर्बळ क्षेत्रातील पोलादाच्या वर्तनाचे गणित त्यांना पाठ होते.

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला व स्ट्रासबर्ग जर्मनांकडे गेले. नेएल यांनी आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ग्रेनोबल या शहराची निवड केली. निर्वासित म्हणून आलेला हा प्राध्यापक पुढे त्या शहराचा वैज्ञानिक शिल्पकार ठरला. युद्धानंतर त्यांनी तेथे धातूंच्या भौतिकीची प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अणुसंशोधन केंद्राचे संचालकपद १९७१ पर्यंत सांभाळले. बेर्तो व फोरा यांनी १९५६ मध्ये चुंबकीय गार्नेटचा शोध लावला तो ग्रेनोबललाच.

फेराइटे आणि खडक

मॅग्नेटाइट हा माणसाला ठाऊक असलेला सर्वांत जुना चुंबक, पण त्याचे चुंबकत्व अपेक्षेपेक्षा फारच कमी का, हे कोडे होते. त्याच्या एका रेणुसूत्रातील तीन लोह आयनांची परिबले एका दिशेस धरली तर बेरीज ५ + ५ + ४ म्हणजे १४ एकके येते. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम ४. दोन ‘पाच’ परस्परविरुद्ध असून एकमेकांना रद्द करतात आणि ‘चार’ तेवढे उरतात, असे नेएल यांनी १९४८ मध्ये दाखवले. इतके साधे उत्तर इतकी वर्षे कोणाला सुचू नये, याचे नवल वाटते. या प्रकाराला त्यांनीच फेरीचुंबकत्व हे नाव दिले.

१९४९ मध्ये त्यांनी अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचा विचार केला. कणाचा आकार किंवा तापमान थोडे बदलले, तरी त्याची चुंबकीय ‘स्मृती’ काही सेकंदांपासून कोट्यवधी वर्षांपर्यंत बदलते. लाव्हा थंड होताना त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा खडकात कशी गोठते, हे त्यावरून समजते. महाराष्ट्र व्यापणाऱ्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टमधून भारतभूमी तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, हे वाचता येते ते याच स्मृतीमुळे.

पातळ थरांचे चुंबकत्व

पृष्ठभागावरील अणूला एका बाजूने शेजारीच नसतो, म्हणून त्याच्या चुंबकत्वाला आतल्या अणूपेक्षा वेगळी दिशा पसंत असू शकते, असे नेएल यांनी १९५४ मध्ये मांडले. जाड तुकड्यात याला महत्त्व नाही. परंतु थर काही अणूंइतकाच जाड असेल, तर पृष्ठभागाचाच वरचष्मा होतो आणि चुंबकत्व थराला लंब उभे राहू शकते. कोबाल्ट आणि प्लॅटिनम यांच्या आलटून-पालटून रचलेल्या थरांत नेमके हेच घडते.

पुढच्याच वर्षी त्यांनी चुंबकीय क्षेत्रांमधील सीमाभिंतींकडे लक्ष वळवले. जाड पदार्थात भिंत ओलांडताना अणुचुंबक प्रतलाबाहेर वळतात. पातळ थरात तसे केल्यास वरच्या व खालच्या पृष्ठांवर ध्रुव तयार होऊन ऊर्जा वाढते, म्हणून ते प्रतलातच फिरतात. या भिंतीला नेएल भिंत म्हणतात. १९६२ मध्ये त्यांनी दोन चुंबकीय थरांमध्ये अचुंबकीय थर असलेल्या रचनेचा अभ्यास केला. थर कधीच गुळगुळीत नसतात. वरचे व खालचे उंचवटे एकमेकांशी जुळत असतील, तर त्यांवरील ध्रुवांमुळे दोन्ही चुंबकीय थर एकाच दिशेकडे ओढले जातात. पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे याला ‘संत्र्याच्या सालीचा परिणाम’ असे गमतीदार नाव पडले, आणि बहुथर बनवणाऱ्यांना तो आजही छळतो.

उत्तरायुष्य

नोबेल व्याख्यानात नेएल यांनी प्रतिलोहचुंबक पदार्थ सैद्धांतिक दृष्टीने अतिशय रंजक असले, तरी त्यांचा व्यावहारिक उपयोग दिसत नाही, असे मत व्यक्त केले होते. १९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फेर आणि जर्मनीचे पेटर ग्रुनबेर्ग यांच्या गटांनी लोह व क्रोमियमच्या बहुथरांत महाचुंबकरोध शोधला. लोहाचे लगतचे थर विरुद्ध दिशांचे असताना विद्युतरोध जास्त असतो. बाह्य क्षेत्राने ते एका दिशेस आणले की रोध एकदम घटतो. त्यावर आधारलेली वाचनशीर्षे १९९७ पासून संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये आली. त्यांतील दोन चुंबकीय थरांपैकी एकाची दिशा पक्की धरून ठेवण्याचे काम शेजारचा प्रतिलोहचुंबकाचाच थर करतो. फेर व ग्रुनबेर्ग यांना २००७ मध्ये नोबेल मिळाले. तोवर नेएल हयात नव्हते, पण निरुपयोगी मानलेला पदार्थ घरोघरच्या संगणकांत पोहोचलेला त्यांच्या हयातीतच होता.

ते १९५३ पासून फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य होते. वयाच्या ९५ व्या वर्षी ब्रीव्ह-ला-गायार्द येथे त्यांचे निधन झाले. ग्रेनोबल येथील घन पदार्थांच्या संशोधन संस्थेला २००७ पासून त्यांचे नाव आहे.